म्हशीच्या पोटाचे हत्ती

आमच्या घरात आबांचा राग ओळखायची एक खूण होती, ती म्हणजे त्यांच्या कानाच्या पाळ्या. आधी त्या लाल होत, मग आवाज चढे, आणि मग जे हाताशी असेल ते अंगणात जाई. पाळ्या आणि आवाज यांच्यामध्ये जो थोडा वेळ मिळे तेवढ्यात आई तांब्या-पेले उचलून आत नेई, आबांची थोरली बहीण अक्का देवघरात शिरे, आणि मी व माझी मोठी बहीण कमल मागच्या दाराने शेजारच्या गोठ्यात जाऊन म्हशीपाशी उभ्या राहत असू. म्हशीचं नाव चंद्री. आमच्या घरातली सगळी भांडणं तिनं रवंथ करत ऐकली होती आणि कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. एवढं आमच्या नातेवाइकांपैकी एकाही माणसाबद्दल मला सांगता येणार नाही.

आबा जळगावातल्या एका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि प्रत्येक बोजा आबांच्या डोळ्यांसमोरून जाई. गाडीवाले म्हणत वजन कमी धरलं, मालक म्हणे जास्त धरलं, आणि आबा दोघांशीही भांडून, कापसाचे तंतू मिशीत घेऊन घरी येत. घरी आल्यावरही काटा सुटत नसे. भाकरी ताटात पडली की ती आधी तळहातावर तोलायची, कालच्यापेक्षा हलकी आहे असं सांगायचं, आणि यातली वाईट गोष्ट ही की ते बरोबर असे. मी त्यांचीच मुलगी. आजही मंडईत मी तागडीकडे अशी बघते की भाजीवाला न मागता दोन मिरच्या वर टाकतो. त्यामुळे आबांच्या स्वभावाला आजार म्हणावं असं मला त्या वयात वाटलं नव्हतं. मला वाटे, मोठी माणसं अशीच असतात आणि मोठं झाल्यावर आपल्यालाही तसंच ओरडायला मिळेल.

धुळ्याला देवपुरात आमच्या चुलतबहिणीचं लग्न झालं, तिथे मात्र गोष्ट घराबाहेर गेली. पंगतीत वरपक्षाच्या आधी आमच्याकडच्या कुणाला तरी बट्टी वाढली गेली, त्यावरून कुणी काहीतरी बोललं, आणि आबांनी व्याह्यांच्या हातातला भरला तांब्या हिसकावून मांडवाबाहेर फेकला. तांब्या कुणाला लागला नाही, पण ती दोन घरं त्यानंतर एकमेकांच्या दारी गेली नाहीत. माहेर आणि सासर यांच्यामध्ये तो तांब्या कायमचा पडून राहिला. पुढच्या हंगामात आबांचे हात कापायला लागले. झोप उडाली. काट्याशी उभं राहिलं की छातीत धडधडे. मालकानं सांगितलं, या वर्षी घरी राहा, बरं वाटलं की पुढच्या हंगामात या.

आणि याच सुमारास कमलचं लग्न रावेरच्या घरात ठरलं. मुलगा चांगला, केळीच्या बागा, माणसं सुखवस्तू. फक्त मुलाच्या वडिलांबद्दल मध्यस्थानं आईला हळूच सांगून ठेवलं होतं की नाना माणूस सोन्यासारखा आहे, पण तापट आहे, एका जागी म्हणून बसत नाही, आणि चेष्टा करायला लागला की समोरचा कोण ते बघत नाही. आईनं हे ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. लग्न उन्हाळ्यात आमच्या दारी व्हायचं होतं. आबा आणि नाना एका मांडवात म्हणजे काय होणार, हे गल्लीतल्या लहान पोरांनासुद्धा कळत होतं. कमल घरातले तांबे मोजून फडताळात वरच्या खणात ठेवायला लागली.

आईनं बोलावलेल्या वैद्यबुवांनी आबांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि काढा न देता माझी शाळेची पाटी मागून घेतली. "रोज सकाळी अंघोळ झाली की घरातली एक वस्तू समोर ठेवा," ते म्हणाले. "तिचं वजन काय, किंमत काय, कुठून आणली, काही मनात आणायचं नाही. नुसती बघायची आणि पाटीवर काढायची. समोर असेल तेच काढायचं, मनातलं नाही. मनातलं तुमच्याकडे पुष्कळ साठलंय, त्याला इतक्यात हात लावू नका. चांगलं आलं तरी पुसायचं, वाईट आलं तरी पुसायचं."

"मी काय पहिलीत बसू का आता?" आबा म्हणाले.

"बसा की. तुम्ही एकदा कुठे बसलात तर घरातले सगळे बसतील."

मला वाटलं पाळ्या लाल होणार. पण माणूस झोपेवाचून फार थकला की त्याला रागवायलाही जोर राहत नाही. दुसऱ्या दिवशी आबा ओट्यावर मांडी घालून बसले, समोर पितळी गडवा ठेवला आणि मान खाली घालून रेघा ओढायला लागले. माझी पाटी गेली म्हणून शाळेत मला शेजारणीच्या पाटीच्या उलट्या बाजूवर गणितं करावी लागली, ती तक्रार अजून माझी शिल्लक आहे.

पहिले काही दिवस त्यांनी पाटीवर जे काढलं त्याला गडवा म्हणायला गडव्याचीही हरकत असती. पण खरी पंचाईत झाली ती वांग्यावरून. थंडीचे दिवस, भरिताची मोठी वांगी आलेली. आईनं कपाशीच्या काड्या पेटवून ठेवल्या, कमलनं हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळून झालं, आणि वांगं जागेवर नाही. ते ओट्यावर आबांसमोर बसलेलं.

"अहो, विस्तव जातोय," आई दारातून म्हणाली.

"थांब. याच्या देठाला सहा कोपरे आहेत. मी जन्मभर पाच समजत होतो."

अक्का जप करत बसली होती. तिचं सगळं आयुष्य पिंपळनेरला सासरी गेलेलं, म्हणून ती तिकडची अहिराणीच बोले. ती माळ न थांबवता म्हणाली, "अरे भाऊ, ते वांगं शे, नवरदेव नही. कितला येळ त्याले बसाडशी?"

आबा हसले. मोठ्यानं नाही, नाकातून थोडा वारा गेला इतकंच. आई मात्र विस्तव विसरून दारातच उभी राहिली. त्या दिवशी भरीत उशिरा झालं आणि वांगं चुलीत उरलेल्या निखाऱ्यांवर अर्धवटच भाजलं गेलं, पण कुणी त्याला नावं ठेवली नाहीत. आबांनी भाकरी हातात घेतली, तोलली नाही, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "या बाजूला करपलीय. पण करपल्याचा आकार छान आहे." आईला ही स्तुती आहे की निंदा हे कळेना. मला तर अजूनही कळलेलं नाही.

गल्लीत अर्थातच चर्चा झाली. सकाळी दुकानावर जाणारा प्रत्येक जण ओट्यापाशी थांबून विचारी, "काय आबा, आज कोणता धडा?" कुणी म्हणे, "मास्तरांनी छडी मारली का?" आबा उत्तर देत नसत, कारण त्यांचं लक्ष नसे. चिडवणाऱ्याला उत्तर मिळालं नाही की त्याची काय अवस्था होते हे मी तेव्हा जवळून पाहिलं. थोड्या दिवसांनी तेच लोक थांबून पाटीवर काय आहे ते वाकून बघायला लागले. एकानं तर स्वतःचा अडकित्ता आणून दिला, याचं चित्र काढा म्हणून. जिनाचा भोंगा झाला की आबा पूर्वी जागच्या जागी दचकत. आता भोंग्याच्या वेळी ते एखाद्या खलबत्त्याच्या कडेवर अडकलेले असत आणि भोंगा झाला हे त्यांना माझ्याकडून कळे. आजार गेला असं मी म्हणत नाही. पाळ्या लाल होत, पण पाळ्या आणि आवाज यांच्यामधली वाट लांबली होती. कधीकधी राग त्या वाटेत कुठेतरी थकून बसे. तांबे खालच्या खणात आले.

मग लग्न जवळ आलं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढायचे होते. लग्नघराच्या भिंतीवर हत्ती नसले तर वऱ्हाड दारातच कुजबुजायला लागतं. हे काम चिताऱ्याचं. आईनं चिताऱ्याला निरोप पाठवते म्हटल्यावर आबा म्हणाले, "कशाला? मी काढतो."

स्वयंपाकघरात त्या दुपारी बैठक बसली. आईचं म्हणणं, रावेरची माणसं बघतील आणि हसतील. कमल म्हणाली, "हसू दे. पण आबांना नाही म्हटलं तर?" अक्कानं निवाडा केला की भिंतीवर हत्ती वाईट निघाला तर चुना फासता येतो, आबांचं डोकं फिरलं तर काय फासशील. त्यामुळे आईनं गेरू, नीळ, हळद आणि चुना काढून दिला, शिंदीच्या काड्या चेचून कुंचले केले, आणि देवापुढे पुन्हा साखर ठेवली.

अडचण अशी झाली की आबा समोर असेल तेच काढणारे, आणि जळगावात हत्ती कुठे? चितारी पिढ्यान्‌पिढ्या मनातून हत्ती काढत आले, पण वैद्यबुवांचा नियम मोडायला आबा तयार नव्हते. त्यांनी विचार करून हत्ती वाटून टाकला. पाय आणि पोट यांसाठी चंद्रीला गोठ्यातून आणून लिंबाखाली बांधलं. कानांसाठी आईचं सूप खुंटीवरून उतरवून समोर टेकवलं, म्हणजे त्या दिवसांत घरात धान्य पाखडणं बंद. सोंडेसाठी ते पाटी घेऊन गावाबाहेरच्या मळ्यात गेले आणि विहिरीवर बसून मोटेची सोंड वर-खाली होताना बघत राहिले. मोटकरी घरी येऊन विचारून गेला, तुमच्या आबांना बरं आहे ना?

हत्ती पुरे होत आले तेव्हा ते लांबून हत्ती होते आणि जवळून चंद्री होती. पोट खाली लोंबलेलं, गुडघे आत वळलेले, आणि चेहऱ्यावर जगातली सगळी भांडणं ऐकून घेतल्याचा तोच शांत भाव. अक्का बाहेर येऊन बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "माय वं, म्हैसले सोंड फुटनी." मी दोरीनं मोजलं तर डावा हत्ती उजव्यापेक्षा एक वीत आणि दोन बोटं लहान भरला. मी हे आबांना सांगितलं.

"डावा लांब उभा आहे," आबा म्हणाले. "आणि तू दोरी ठेव."

रावेरचं वऱ्हाड आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं आलं आणि धर्मशाळेत उतरलं. ऊन उतरल्यावर नाना दोघा भाऊबंदांना घेऊन मांडव बघायला आले. उंच, भक्कम, डोक्यावर केशरी फेटा, हातात काठी, आणि चालणं असं की जणू मागे कुणी गाडी हाकत आणतंय. आबा तेव्हा उलट्या टोपलीवर बसून उजव्या हत्तीच्या पाठीला गेरू देत होते. नाना दारासमोर थांबले. त्यांनी एक हत्ती पाहिला, दुसरा पाहिला, मग लिंबाखाली बांधलेली चंद्री पाहिली.

"व्याही," ते म्हणाले, "दारात हे काय बांधून ठेवलंय?"

"हत्ती," आबा म्हणाले.

"असं? आमच्या रावेराकडे याला म्हैस म्हणतात."

भाऊबंद हसले. एक जण म्हणाला, "गाभण आहे वाटतं. आहेरात पारडूसुद्धा मिळेल."

आई सरबताचे पेले घेऊन उंबऱ्यात आली होती. ती तिथेच थांबली आणि पेले तबकात एकमेकांना लागून वाजायला लागले. खिडकीआड कमल हळदीच्या अंगानं उभी होती. तिनं गज धरला होता आणि तिच्या बोटांची हळद गजाला लागली होती. मी आबांच्या पाळ्यांकडे पाहत होते. आधी डावी लाल झाली, मग उजवी. देवपूरच्या तांब्याची हकिकत सगळ्यांना पाठ होती, आणि इथे तबकात भरलेले पेले होते.

आबांनी कुंचला खाली ठेवला. ते वळले आणि नानांकडे पाहायला लागले. रागानं नव्हे. डोकं थोडं तिरपं करून, डोळे बारीक करून, कपाळापासून हळूहळू खाली उतरत. ही नजर मी ओळखत होते. गेले काही महिने त्यांनी गडव्याकडे, अडकित्त्याकडे आणि वांग्याकडे असंच पाहिलं होतं. माणसाकडे मात्र पहिल्यांदाच. ती नजर नानांच्या नाकापर्यंत आली आणि तिथे बराच वेळ थांबली. तेवढ्यात पाळ्यांची लाली उतरली.

"तुमचं बरोबर आहे," आबा म्हणाले. "पोट म्हशीचं आहे, पायही तिचेच. कान सुपाचे आणि सोंड मोटेची. मला समोर असेल तेवढंच काढता येतं. आता पाठीवर माहूत राहिलाय. त्याच्यासाठी माणूस मिळत नव्हता."

"मग?"

"तुम्ही आलात."

आता पेले वाजायचे थांबले, कारण आईनं तबक छातीशी घट्ट धरलं होतं. व्याह्याला माहूत म्हणणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. नानांच्या हातातली काठी जमिनीवर एकदा आपटली. "मला माहूत करता?"

"माहूत नको असेल तर अंबारीत बसवतो," आबा तितक्याच सरळ आवाजात म्हणाले. "पण बसावं लागेल. अंबारीत कुणी उभं राहत नाही."

"मी बसत नसतो."

इथे अक्का देवघरातून बाहेर आली. तिचं वय असं की तिला कुणीच व्याही नव्हते, सगळी पोरंच होती. "बस ना रे नाना," ती म्हणाली. "वांगं बी बसनं व्हतं."

नानांना यातलं काही कळलं नाही. पण त्यांच्या मागचा एक भाऊबंद फस्सकन हसला, दुसरा म्हणाला, बसाच नाना, राजासारखे दिसाल. आणि अंबारीचा मोह कुणाला नसतो? मी खाट ओढून आणली. नाना बसले. पहिल्यांदा ते काठी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर टाकत राहिले. दोनदा विचारलं, झालं का? आबा म्हणाले, हलू नका. उद्याच्या पाण्याची सोय काय, मांडवाचा तो खांब कलला कसा, असं नानांनी एक-दोनदा विचारलं, पण उत्तर कोण देणार? आबा फेट्याच्या शेमल्यात गुंतले होते. भाऊबंद कंटाळून धर्मशाळेकडे गेले. मागच्या अंगणात बायका खापरावर मांडे टाकत होत्या, त्याचा थप्प थप्प आवाज आणि पुरणाचा वास येत होता. कुणीतरी जात्यावर बसलं होतं. चंद्री शेपटीनं माशा उडवत होती. हळूहळू नानांचे खांदे खाली आले. मांडीवरची बोटं थांबली. मी पेला घेऊन गेले तर त्यांनी हात पुढे केला नाही, डोळ्यांनीच ठेव म्हणून खुणावलं.

खूप वेळानं ते बोलले, तेही ओठ न हलवता. "रोज काढता?"

"रोज."

"काय होतं त्यानं?"

आबांनी कुंचला रंगात बुडवला, निथळू दिला. "काही होत नाही. तेवढा वेळ काहीच होत नाही."

नाना मग म्हणाले, "तेवढं जरी मिळालं तरी पुष्कळ." आता माझ्या सुनेच्या मासिकात मनःशांतीवर पानंच्या पानं छापून येतात आणि मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, कारण पैसे दिलेले असतात. या दोन वाक्यांपलीकडचं त्यांत मला अजून काही सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पंगतीत वरपक्षाच्या एका जावयाला पानावर मांडा मोडका आला म्हणून तो उठून उभा राहिला. जुनी माणसं आबांकडे आणि नानांकडे पाहायला लागली. आबा वाढप्याच्या हातातलं तुपाचं भांडं घेऊन जावयाकडे निघाले, पण ते पोचायच्या आत नाना पाटावरून म्हणाले, "बसा हो जावईबापू. बसून बघा एकदा, बरं वाटतं." जावई बसले. आबांनी त्यांना तूप वाढलं. हात कापला नाही, आणि धार पानाबाहेर गेली नाही हे मी बघून ठेवलं.

पाठवणीच्या वेळी बैलांची दमणी दाराशी उभी राहिली. आई रडत होती, अक्का रडत होती, मी रडत होते, आणि कमलनं तर आईच्या खांद्यावर तोंड लपवून असा हुंदका धरला होता की तो सुटेना. शेजारणी डोळ्यांना पदर लावून उभ्या. नाना सगळ्यांच्या पुढे जाऊन दमणीत बसायचे सोडून उजव्या हत्तीपाशी थांबले होते. अंबारीत ते होते, फेटा केशरी, काठी गुडघ्यावर, खाली चंद्रीचं पोट. ते पुढे झाले, मागे झाले, मान तिरपी करून पाहिली.

"व्याही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. नाक जरा मोठं झालंय."

आबा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या होत्या तशाच होत्या.

"नाही," ते म्हणाले. "आहे तेवढंच आहे."

आईच्या खांद्यावरचा हुंदका एकदम बदलला. आम्हाला वाटलं कमलला घेरी आली. तिनं तोंड वर केलं तर ती हसत होती. डोळ्यांतलं पाणी गालावर तसंच, मुंडावळ्या एका बाजूला गेलेल्या, आणि पदर तोंडाशी धरूनही हसू आवरत नव्हतं. तिच्याकडे पाहून नानांचं पोट हलायला लागलं, मग नवरदेवाचं. कमल हसतच दमणीत चढली, आणि वळणापर्यंत आम्हाला तिचे गदगदणारे खांदे दिसत राहिले.

अक्काला हे अजिबात पटलं नाही. मांडव उतरवेपर्यंत ती आईच्या मागे मागे तेच म्हणत फिरत होती. "पोर हासत गयी. बठ्ठा लोक काय म्हनतीन?"

"म्हणू दे," आई म्हणाली आणि केर काढायला लागली.